चांदण्यातला समुद्र आणि होड्या तैलरंगांत: चंद्र चिकटवल्यासारखा का दिसतो?

मूळ धागा

नमस्कार. मी गेली सहा वर्षे तैलरंगांत काम करतो आहे आणि त्यांतली शेवटची दोन वर्षे एकाच विषयाने मला धरून ठेवले आहे: चांदण्यातला समुद्र, पाण्यावर पसरलेली प्रकाशाची वाट आणि त्या वाटेच्या आसपास नांगर टाकून उभ्या असलेल्या दोन-तीन होड्या. या विषयाची नऊ चित्रे मी पूर्ण केली, पण एकाही चित्रात रात्र उतरली आहे असे मला वाटत नाही.

नवव्या चित्राविषयी सविस्तर लिहितो, म्हणजे चूक नेमकी कुठे आहे हे जाणकारांना सांगता येईल. कॅनव्हास ६० × ४५ सेंमीचा होता आणि त्यावर पांढऱ्या जेसोचे (रंगाखालच्या अस्तराचे) दोन हात दिले होते. आकाश आणि पाणी प्रशियन ब्लू व आयव्हरी ब्लॅक यांच्या मिश्रणाने भरले. चंद्र साधारण ४ सेंमी व्यासाचा काढून त्यात ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट तसाच भरला. त्याच्या खाली क्षितिजापासून सुरू होऊन आपल्याकडे येताना रुंदावत जाणारी प्रकाशाची वाट काढली आणि शेवटी तीन होड्या काळ्या रंगात, धारदार कडांनी रंगवल्या. काम करताना ते बरे वाटत होते. दुसऱ्या दिवशी तीन मीटरांवरून पाहिले, तेव्हा चंद्र आकाशात आहे असे वाटेना; आकाशाला भोक पडून त्यातून मागचा पांढरा कॅनव्हास डोकावतो आहे असे वाटू लागले. पाणी काळ्या फरशीसारखे कठीण झाले होते आणि होड्या त्या फरशीवर मांडून ठेवलेल्या होत्या.

मन खट्टू होऊन ते चित्र मी भिंतीकडे तोंड करून एका बंद खोलीत ठेवले. तीन महिन्यांनी बाहेर काढले तर चंद्र पिवळट पडला होता, निळ्यात हिरवट झाक आली होती आणि काळोख्या भागांत मध्येच मंद, चमक गेलेले डाग दिसत होते. हा विषय मला सोडायचा नाही. म्हणून विचारतो: प्रकाश चित्रात आणायचा तो चंद्रातून की आणखी कुठून? चांदणे खरोखर निळे असते का? आणि होड्या पाण्यात बसलेल्या दिसाव्यात यासाठी काय करावे लागते?

प्रतिसाद १

आपण चित्राचे वर्णन इतक्या बारकाईने केले आहे की चित्र न पाहताही अडचण कळते. माझ्या मते आपण सगळा भार चंद्रावर टाकला आणि चंद्राला तो पेलणे शक्यच नव्हते.

पांढरा रंग त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे ९० टक्के भाग परत पाठवतो आणि चांगला काळा रंग ३ ते ४ टक्के. म्हणजे आपल्या हातातली सगळ्यांत उजळ आणि सगळ्यांत गडद गोष्ट यांच्यातले अंतर जेमतेम पंचवीस-तीस पटींचे आहे. प्रत्यक्षात पूर्ण चंद्राचे बिंब आणि त्याच्या भोवतीचे रात्रीचे आकाश यांच्या उजळपणात हजारो पटींचा फरक असतो. तो फरक रंगांनी भरून काढता येत नाही. तो भासवावा लागतो, आणि भासवण्याचे काम मधले टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायऱ्या, करतात. आपण आकाश जवळजवळ काळे आणि चंद्र पूर्ण पांढरा ठेवला. मधली सगळी पायरी गाळली. डोळ्याला मग उजेड दिसत नाही, दोन रंगांचे तुकडे शेजारी दिसतात.

काळा १ आणि पांढरा ९ अशी पट्टी धरली, तर माझ्या चांदण्याच्या चित्रातले बहुतेक आकाश ३ ते ४ वर असते, चंद्राजवळचे ५ ते ६ वर जाते, पाण्याचा गडद भाग २ ते ३ वर राहतो आणि १ हा टोन केवळ होडीच्या एखाद्या कोपऱ्यासाठी राखलेला असतो. चित्र नुसते काळे झाले म्हणजे रात्र होत नाही. अंधारातही डोळ्याला आत शिरायला जागा लागते.

आर्खिप कुइंजी या चित्रकाराचे नीपर नदीवरील चांदण्या रात्रीचे चित्र १८८० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये एका अंधाऱ्या दालनात, एकट्या त्या चित्रावर दिव्याचा झोत टाकून दाखवले गेले. पाहणाऱ्यांना इतका भास झाला की कॅनव्हासच्या मागे दिवा ठेवला आहे की काय अशी शंका लोक घेऊ लागले. त्या चित्रातला चंद्र लहान आहे. भोवतालचे ढग आणि खाली वळण घेणारे पाणी यांच्या टोनची चढण इतकी नेमकी आहे की तेवढ्याशा बिंबाला सगळे तेज मिळते. पुढचा कॅनव्हास हाती घेण्यापूर्वी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर फक्त तीन टोनांत दहा-बारा छोटी टिपणे करून पाहावीत अशी माझी विनंती आहे. तीन टोनांत चांदणे दिसले नाही, तर तीस रंगांतही ते दिसणार नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मला चंद्राच्या आकाराविषयी एक गोष्ट जोडावीशी वाटते. चंद्राचे बिंब आपल्या डोळ्यांशी सुमारे अर्ध्या अंशाचा कोन करते. हात लांब करून करंगळी समोर धरली, तर तिचे नख पूर्ण चंद्राला झाकून वर उरते. आपल्या ६० सेंमी रुंदीच्या कॅनव्हासमध्ये समुद्राचा साधारण ४० अंशांचा पट्टा घेतला असे धरले, तर हिशेबाने चंद्र पाऊण सेंमीचा व्हायला हवा. आपण तो ४ सेंमीचा काढला. म्हणजे आपल्या समुद्रावर पाचपटींहून मोठा चंद्र उगवला आहे.

क्षितिजाजवळचा चंद्र मनाला मोठा वाटतो हे खरे, आणि तो भास चित्रात थोडा घ्यायला हरकत नसते. सव्वा सेंमीपर्यंत मी स्वतः जाते. त्यापुढे गेले की होड्या खेळण्यातल्या होऊ लागतात, कारण पाहणारा नकळत चंद्रावरून इतर सगळ्यांची मापे घेत असतो.

प्रतिसाद ३

आपण कोणत्या उजेडात रंगवता हेही तपासावे. चित्रावर प्रखर दिवा लावून काम केले, की गडद टोन आपल्याला उघडे आणि पुरेसे उजळ वाटतात आणि आपण आणखी गडद करत जातो. तेच चित्र घरातल्या साध्या उजेडात आले की सगळे बुडून जाते. माझी तीन चित्रे याच एका कारणाने गेली. आता मी दर अर्ध्या तासाने दिवा मंद करून पाहतो.

धागालेखक

तिघांचेही मनापासून आभार. दिव्याची गोष्ट माझ्या बाबतीत अगदी खरी आहे. माझ्या कॅनव्हासवर अगदी जवळून झोत पडतो. मोजून पाहिले तर आधीच्या आठही चित्रांतले चंद्र ३ सेंमीच्या वर निघाले. आता रंगाविषयी विचारतो. मी प्रशियन ब्लू घेतला तो चांदणे निळे असते या समजुतीने. ही समजूत चूक आहे का?

प्रतिसाद ४

चांदणे म्हणजे चंद्राच्या पृष्ठभागावरून परत आलेला सूर्यप्रकाशच. चंद्राची माती करड्या, किंचित तपकिरीकडे झुकणाऱ्या रंगाची असल्यामुळे तो प्रकाश मुळात सूर्यप्रकाशापेक्षा थोडासा तांबूसच असतो. निळेपणा येतो तो आपल्या डोळ्यातून. उजेड फार कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. या दंडपेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाला अधिक दाद देतात आणि तांबड्याला जवळजवळ देतच नाहीत. यान पुर्किन्ये या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. संध्याकाळ उतरताना लाल फुले काळी पडतात आणि पाने मात्र उजळ राहतात, ती यामुळेच.

याचा चित्रकाराने घ्यायचा अर्थ असा, की रात्री सगळ्या रंगांतला जीव कमी झालेला असतो आणि उरलेला कल थंड बाजूला असतो. ट्यूबमधला कडक निळा तिथे कुठेच नसतो. चांदण्याचा निळा हा बहुतांशी करडा असतो, आणि शेजारी काही उबदार असल्यामुळे तो निळा वाटतो. चंद्राच्या अगदी लगतचे आकाश तर निळे नसतेच. हवेत थोडीशी वाफ असली की तिथे फिकट, पिवळसर-हिरवट करडे वलय असते, त्याच्या कडेला कधी तपकिरी झाक येते आणि मग हळूहळू निळसर करडे सुरू होते. आपल्या चित्रात चंद्राभोवती थेट प्रशियन ब्लू आहे. भोक पडल्यासारखे दिसण्याचे निम्मे कारण तिथे आहे.

प्रत्यक्ष पाहून अभ्यास करायचा असेल, तर पौर्णिमेपेक्षा तिच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला बसावे. चंद्र दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास वर येतो. चतुर्दशीला मात्र सूर्य मावळतो तेव्हा तो आधीच थोडा वर चढलेला असतो. त्यामुळे संधिप्रकाशाच्या अर्ध्या तासात आकाशाला अजून रंग असतो, पाण्यावर वाट उमटू लागलेली असते आणि होड्यांचे रंग अंधुक का होईना ओळखता येतात. चांदण्याच्या चित्रात आपल्याला जे रंग हवे असतात ते खरे पाहता या अर्ध्या तासातले असतात. त्यानंतर पूर्ण रात्री बसायचे असेल, तर डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे द्यावीत आणि टिपणासाठी अगदी मंद लाल उजेडाची विजेरी वापरावी, कारण लाल उजेडाने दंडपेशींचा सराव फारसा मोडत नाही. कागदावर रंग लावू नयेत. नुसती रेखाकृती करून प्रत्येक भागावर टोनचा आकडा लिहावा.

व्हिसलर या चित्रकाराची एक सवय मला फार उपयोगी पडली. रात्रीच्या नदीची चित्रे करण्यापूर्वी तो दृश्याकडे बराच वेळ पाहत राहायचा, मग पाठ फिरवून सोबतच्या माणसाला ते तोंडी सांगायचा: आकाश कसे, पाणी कसे, कोणता दिवा कुठे. सांगताना चुकला तर पुन्हा पाहायचा. समुद्रचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयव्हाझोव्स्कीनेही समुद्र बहुतेक स्मरणातूनच रंगवला आणि त्याच्या नावावर सुमारे ६,००० चित्रे आहेत. रात्रीच्या चित्रात पाठांतराला पर्याय नाही. छायाचित्र तिथे फसवते: कॅमेऱ्याला बराच वेळ उघडे ठेवावे लागते, त्यात लाटा पुसल्या जातात, चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या बिंबाएवढा सरकतो आणि आकाश दिवसासारखे निळे येते.

प्रतिसाद ५

रंगांच्या निवडीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्या शिक्षकांनी काळा रंग रंगपाटीवर ठेवूच दिला नाही आणि मला ते योग्य वाटते. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी यांच्या मिश्रणातून इतका खोल अंधार मिळतो की काळ्याची गरज पडत नाही. शिवाय अंबर वाढवला की अंधार उबदार होतो आणि अल्ट्रामरीन वाढवला की थंड. एकाच काळोखात असे दोन कल ठेवता आले, तर होडीचा अंधार आणि पाण्याचा अंधार वेगळे ओळखू येतात. आयव्हरी ब्लॅक सावकाश वाळतो, त्याला तेलही जास्त लागते, आणि खालच्या थरात जाड लावला तर वर तडे जाण्याची भीती असते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

खालच्या थराबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे. वरच्या थरासाठी मात्र मी आयव्हरी ब्लॅक सोडणार नाही. त्यात पांढरा मिसळला की जो निळसर करडा मिळतो, तो कोणत्याही निळ्यापेक्षा चांदण्याला जवळचा असतो. प्रशियन ब्लूची ताकद इतकी असते की सुईच्या टोकाएवढा घेतला तरी तो सगळे मिश्रण ताब्यात घेतो. शिकणाऱ्याने आधी काळ्या-पांढऱ्यातून निळा काढायला शिकावे असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद ६

पाण्याविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. हा विषय मला अतिशय प्रिय आहे आणि प्रतिसाद लांबणार आहे.

आपण वाट क्षितिजापासून त्रिकोणासारखी रुंदावत आणली. रस्ता दूर जाताना निमुळता होतो म्हणून आपला हात तसा वळतो. पण ती वाट पाण्यावर आखलेला रस्ता नव्हे. प्रत्येक लाट हा एक लहानसा वाकडा आरसा आहे आणि ज्या आरशांचा कल चंद्राचा प्रकाश नेमका आपल्या डोळ्यांत पाठवतो तेवढेच आपल्याला चमकताना दिसतात. त्यामुळे वाट नेहमी चंद्राच्या सरळ खाली, चित्रात उभी येते, आपण किनाऱ्यावर कुठेही चालत गेलो तरी आपल्याबरोबर येते, आणि चंद्र खाली असताना तिची रुंदी वरपासून खालपर्यंत फारशी बदलत नाही. वारा वाढला, लाटांचा कल वाढला, की ती पसरते. वारा पडला की आवळते.

पाणी अगदी स्तब्ध असते तर चंद्र क्षितिजाच्या जितका वर, तितक्याच खाली त्याचे प्रतिबिंब पडले असते. लाटा त्या प्रतिबिंबाला वर-खाली ओढून लांबवतात, पण मध्य तिथेच राहतो. म्हणून चंद्र बराच वर असेल आणि पाणी शांत असेल, तर वाट क्षितिजापर्यंत पोचतच नाही. मध्ये अंधाराचा एक पट्टा राहतो आणि चमक आपल्या बाजूच्या पाण्यात विखुरते. चंद्र चित्राच्या वरच्या टोकाला आणि चमक क्षितिजाला चिकटून, अशी चित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि ती खोटी का वाटतात हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या टोनची. पायाजवळ खाली पाहिले तर पाणी आकाशाचा फारच थोडा भाग परत पाठवते. सरळ वरून पाहताना हे प्रमाण सुमारे २ टक्के असते. नजर जसजशी दूर आणि तिरकी जाते तसतसे ते वाढत जाते. म्हणून चित्राच्या तळाचे पाणी सगळ्यांत गडद आणि दूरचे पाणी आकाशाच्या टोनजवळ जाणारे असते. आपण सगळ्या पाण्याला एकच टोन दिला; फरशी झाली ती त्यामुळे. क्षितिजाची रेघही एकसारखी ओढू नये. चंद्राखाली ती स्पष्ट दिसते, पण कडेला जाताना आकाशात विरघळली पाहिजे, काही ठिकाणी इतकी की ती शोधावी लागावी.

चमक रंगवताना मी असे करतो. वाट जिथे येणार तिथे आधी पाण्यापेक्षा दोन टोन उजळ, उबदार करड्या रंगाचा मऊ पट्टा घालून तो पूर्ण वाळू देतो. मग टायटॅनियम व्हाइटमध्ये किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून, तेल न घालता, चपट्या ब्रशाच्या कडेवर थोडासा घेतो आणि ब्रश कॅनव्हासला जवळजवळ समांतर धरून आडवा ओढतो. कॅनव्हासच्या विणीचे उंचवटे रंग उचलतात, खळगे तसेच राहतात आणि दूरची बारीक चमक आपोआप तयार होते. जवळच्या लाटांवर हे चालत नाही. तिथे चमकांचे तुकडे मोठे, एकमेकांपासून दूर आणि लाटेच्या पाठीप्रमाणे किंचित वाकलेले असतात. ते रंग लावायच्या नाइफने एकाच फटक्यात ठेवावेत आणि पुन्हा हात लावू नये. सर्वांत जाड रंग माझ्या चित्रात इथे असतो, चंद्रात नाही. चंद्राला आणि वाटेला दोघांनाही ९ चा टोन दिला, की दोघेही एकमेकांना मारतात. कोणाला राजा करायचे ते आधी ठरवावे.

धागालेखक

हा प्रतिसाद मी चार वेळा वाचला. चतुर्दशीच्या संध्याकाळी जाऊन पाहिले, आणि खरोखर वाट माझ्याबरोबर चालत होती. दोन वर्षे समुद्र रंगवतो आहे आणि हे कधी लक्षात आले नव्हते. दूरचे पाणी पाहून तर मी चकितच झालो; ते आकाशापेक्षा जेमतेम अर्धा टोन गडद होते. आता होड्यांविषयी कोणी सांगाल का?

प्रतिसाद ७

सांगते. होडीचे चित्र सुरुवातीला बिघडते ते बहुधा क्षितिजाच्या उंचीमुळे. क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. आपण पाण्याच्या कडेला उभे आहात आणि डोळे पाण्यापासून १.५ मीटर उंच आहेत असे धरा. मग क्षितिजाची रेघ समोरच्या प्रत्येक होडीला पाण्यापासून १.५ मीटरवरच छेदते, होडी जवळ असो वा दूर. डोलकाठी पाण्यापासून ६ मीटर उंच असेल, तर तिचा खालचा चौथा हिस्सा क्षितिजाखाली आणि बाकीची सगळी वर येणार. हे प्रमाण तिन्ही होड्यांना एकच हवे. एका होडीची डोलकाठी निम्मी वर आणि तेवढ्याच दुसरीची पूर्ण खाली असे झाले, की दोघी वेगवेगळ्या समुद्रांत जातात.

आता प्रकाश. चंद्र समोर आहे, म्हणजे होडीची आपल्याकडची बाजू सावलीत आहे. प्रकाशाच्या वाटेत उभी असलेली होडी पूर्ण छायाकृती होते आणि चित्रातली सगळ्यांत धारदार कड तिलाच शोभते. वाटेबाहेरच्या होड्यांना मात्र तशी कड देऊ नये. त्यांचा तळ आणि पाणी यांचे टोन इतके जवळ असतात की कड कुठेतरी हरवलीच पाहिजे. आपण तिन्ही होड्या सारख्याच काळ्या आणि धारदार केल्या, म्हणून तिन्ही वर मांडल्यासारख्या दिसल्या. मी एक होडी ओळखू येईल अशी ठेवते, दुसरी अर्धी, आणि तिसरीची फक्त डोलकाठी आणि काठाची एक बारीक रेघ.

त्या रेघेविषयी दोन शब्द. होडीचा काठ ओला असतो, दोरखंड ओले असतात, गुंडाळलेल्या शिडाच्या वरच्या घडीवर चांदणे पडलेले असते. हा उजेड सलग नसतो. काठाच्या वळणावर एका ठिकाणी तो चमकतो, बोटभर पुढे मंद होतो, आणि टोकाशी पुन्हा ठिपक्याएवढा येतो. सलग रेघ ओढली की होडीला तार गुंडाळल्यासारखी दिसते. मी ती रेघ ओल्या रंगात पूर्ण ओढते आणि मग कोरड्या ब्रशाने तीन-चार ठिकाणी पुसते.

होडी पाण्यात बसते ती तिच्या खालच्या प्रतिबिंबामुळे. प्रतिबिंब नेहमी होडीच्या सरळ खाली, आपल्या दिशेने पडते; चंद्र डावीकडे असला म्हणून ते उजवीकडे कलत नाही. लाटांमुळे ते होडीपेक्षा लांब ताणले जाते आणि तुटते. वाटेतली होडी चमकेला जिथे अडवते, तिथे काळोखाचा एक तुटक जिना तयार होतो. होडी आणि पाणी जिथे भेटतात ती रेघ कधीच पक्की काढू नये. पाणी तिथे हलत असते. दोन्ही रंग ओले असतानाच बोटाने किंवा मऊ ब्रशाने ती कड एकदा हलकेच ओढून घ्यावी.

होडीत कंदील ठेवण्याचा मोह सर्वांनाच होतो. टर्नर या इंग्रज चित्रकाराने ठेवला आहे. १७९६ साली रॉयल अकॅडमीत मांडलेले त्याचे पहिले तैलचित्र रात्रीच्या समुद्रातल्या कोळ्यांचे आहे, आणि त्यात वर थंड चंद्र व खाली होडीतला लहानसा तांबूस दिवा आहे. तो दिवा चंद्राशी स्पर्धा करत नाही, कारण टोनने तो चंद्राच्या बराच खाली आहे आणि फक्त रंगाने उबदार आहे. एवढा संयम ठेवता येणार असेल तरच कंदील घ्यावा. मॅने या फ्रेंच चित्रकाराचे १८६९ सालचे बुलोन्य बंदराचे चित्रही जरूर अभ्यासावे; तिथे डोलकाठ्यांचा दाट काळा गुंता आकाशासमोर उभा आहे आणि एकही दोर सुटा मोजता येत नाही, तरी गलबते कळतात.

प्रतिसाद ८

चित्र पिवळे पडले आणि डाग आले त्याबद्दल लिहितो. जवसाचे तेल अंधारात वाळले आणि राहिले की पिवळे पडते. आपला चंद्र म्हणून पिवळा झाला आणि निळ्या रंगावर ती पिवळी झाक बसून तो रंग हिरवट दिसू लागला. चित्र काही आठवडे दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नको, ठेवले तर बरेचसे पिवळेपण परत जाते. पुढच्या वेळी पांढऱ्यासाठी अक्रोडाच्या किंवा करडईच्या तेलात घोटलेला रंग घ्यावा. तो कमी पिवळा पडतो, मात्र त्याचा थर तितका मजबूत नसतो, म्हणून खालच्या थरांत तो वापरू नये.

मंद डाग म्हणजे रंग बसला आहे: खालच्या थराने वरच्यातले तेल ओढून घेतले. असा भाग खऱ्यापेक्षा उजळ आणि करडा दिसतो, आणि त्यावर विसंबून टोन ठरवला की सगळे चित्र चुकते. वाळलेल्या भागावर जवसाच्या तेलात थोडे टर्पेंटाइन मिसळून अगदी पातळ हात द्यावा आणि फडक्याने जवळजवळ सगळे पुसून घ्यावे; खरा टोन परत येतो.

थरांचा नियम चांदण्याच्या चित्रात पाळावाच लागतो, कारण थर पुष्कळ होतात. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला आणि कमी तेलाचा, प्रत्येक वरचा थर थोड्या अधिक तेलाचा. तैलरंग वाळतो तो हवेतला ऑक्सिजन घेऊन, पाणी उडाल्यासारखा नव्हे. वर कोरडा वाटला तरी आत ओला असतो. अल्बर्ट पिंकम रायडर या चित्रकाराने चांदण्यातल्या समुद्रावरच्या होड्या मनापासून रंगवल्या, पण ओल्या थरांवर थर चढवत गेल्यामुळे त्याची चित्रे भेगाळली आणि काळवंडली. कुइंजीच्या ज्या चित्राचा वर उल्लेख आला, तेही डांबरी रंगांमुळे आता मुळापेक्षा गडद झाले आहे. त्यामुळे बिट्युमेन नावाच्या रंगाचा मोह टाळावा. खाली बर्न्ट अंबर चांगला, तो लवकर वाळतो.

आणखी एक गोष्ट विषयाला थोडी सोडून आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. जवसाच्या तेलाची फडकी चोळामोळा करून टोपलीत टाकू नयेत. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, मग उघड्यावर पसरून वाळवावीत.

धागालेखक

सात आठवड्यांनी लिहितो आहे. दहावे चित्र झाले. कॅनव्हास तोच, ६० × ४५ सेंमी, पण या वेळी बर्न्ट अंबर आणि थोड्या अल्ट्रामरीनचा पातळ हात देऊन कॅनव्हासची पांढरी जमीन आधी मधल्या टोनवर आणली. त्याआधी तीन टोनांतली सोळा टिपणे केली. अकराव्या टिपणात प्रथमच चांदणे दिसले. चंद्र १ सेंमीचा आहे. त्याभोवतीचे वलय वाळलेल्या आकाशावर कोरड्या ब्रशाने पाच बैठकांत चढवले, प्रत्येक वेळी इतका कमी रंग घेऊन की लावताना काही लागते आहे असे वाटतच नव्हते. उजळ रंगाचा पातळ, अपारदर्शी थर गडदावर चढला की तो आपोआप थंड, निळसर दिसतो, हे यातून हाताला कळले. शेवटी मोजले तर सगळ्या आकाशात ट्यूबमधला निळा वाटाण्याएवढाही गेला नव्हता.

राजा वाटेला केले आणि चंद्र अर्धा टोन खाली उतरवला. तो आता मागे, आकाशात गेला आहे. मोठी होडी वाटेच्या डाव्या कडेवर आहे, तिचा पुढचा भाग चमकेत आणि मागचा अंधारात. ती कड पुसताना हात थरथरत होता. तिसऱ्या होडीचे काय झाले ते सांगायला हवे. तिची फक्त डोलकाठी ठेवली होती. परवा एका मित्राने चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, तिथे आणखी एक होडी आहे का? मी काही बोललो नाही. तो पुन्हा पाहू लागला.

एक दोष मला दिसतो. तळाच्या गडद पाण्यात ब्रशाच्या उभ्या खाचा राहिल्या आहेत आणि बाजूने उजेड आला की त्या चमकतात. तिथे काय करावे?

प्रतिसाद ६ (पुन्हा)

वाचून फार आनंद झाला. थर पुरता वाळला असेल तर बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवून त्या खाचा खाली आणाव्यात. धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मुखपट्टी लावावी आणि नंतर धूळ पूर्ण पुसावी. मग अल्ट्रामरीन व अंबरचा पातळ, पारदर्शी हात द्यावा आणि शेवटचे फटकारे आडवे, पाण्याच्या दिशेने घ्यावेत. गडद भाग नेहमी पातळ आणि गुळगुळीत ठेवावा, जाडी उजेडाला द्यावी. व्हार्निशची घाई नको. सहा महिने ते वर्षभर थांबावे.

धागालेखक

तसेच करतो. चित्र उजेडाच्या खोलीत, भिंतीकडे पाठ करून ठेवले आहे. अकराव्याची टिपणे सुरू केली आहेत. त्यात चंद्र चौकटीच्या बाहेर, वर राहणार आहे. चित्रात फक्त पाणी, वाटेचा खालचा भाग आणि एकच होडी. तीन टोनांतले चौथे टिपण काल झाले आणि त्यात होडी पाण्यात बसली आहे.